फणसाच्या बाटल्या पुरून टाक, लुगडी मात्र कापू नको

"ताई, मी बेळगावकडची. लग्न होऊन गोव्यात सत्तरी तालुक्यात आले त्याला चार वर्षं झाली. सासूबाई गेल्या श्रावणात वारल्या. घरी सासरे, नवरा, धाकटा दीर, मी आणि दीड वर्षांची मुलगी. सासूबाई होत्या तेव्हा पावसाळ्याचं पुरुमेंत (बेगमी) सगळं घरचं असायचं. यंदा ते माझ्यावर आलं. मार्चमध्ये मोबाइलवर बघून कच्च्या फणसाची भाजी बारा बाटल्यांत भरली आणि बाटल्या तासभर उकळत्या पाण्यात ठेवल्या. आता दोन झाकणं फुगली आहेत. बाकीच्या दहा चांगल्या दिसतात, त्या खाव्यात का? मासेमारी बंद झाली की लागेल म्हणून सुंगटांचं हुमणही (कोळंबीचं कालवण) असंच भरायचा विचार होता. दुसरं म्हणजे सासूबाईंची लुगडी पेटीत आहेत. नातीला वाकळ शिवायची त्यांची फार इच्छा होती. मी ती काढून बसते, पण कात्री लावायला हात धजत नाही. काहींवर बुरशीचे ठिपकेही आलेत. आणि येणारा-जाणारा म्हणतो, 'तुझी सासू एकटी सगळं करायची.' माझा दिवस कुठे जातो कळत नाही. भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, बियांचं काय करतात तेही सांगा."
— एक सून, सत्तरी

बाये,

आधी बाटल्या, कारण ते काम आजच्या आज करायचं आहे. बाराच्या बारा टाकून दे. चांगल्या दिसणाऱ्या दहासुद्धा. उघडून वास घेऊ नको, जिभेला लावून बघू नको, कोंबड्यांना किंवा कुत्र्याला घालू नको. न उघडता जाड पिशवीत बांध आणि विहिरीपासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पूर. एखादी गळली असेल तर हातात मोजे घाल आणि ती जागा ब्लीचच्या पाण्याने धुऊन काढ. फणस सोलण्यापासून झाकणं आवळण्यापर्यंत तुझे किती कष्ट त्यात गेले असतील ते मला कळतं. तरीही त्यातली एकही घरात राहू नये.

कारणही सांगते, म्हणजे पुढे कोणी काही दाखवलं तर तुला स्वतःला पारखता येईल. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याची बीजं भाजीबरोबर, मासळीबरोबर आपल्या घरात येतच असतात आणि एरवी मोठ्या माणसांचं काही बिघडवत नाहीत. पण ती उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांवर, मरत नाहीत. बाटली तासभर उकळली की बाकीचे जिवाणू मरतात, हवा निघून जाते, आणि आत ही बीजं तेवढी उरतात. ओलावा भरपूर, हवा नाही, आंबटपणा नाही. त्यांना वाढायला हवं ते सगळं आपणच आत कोंडून ठेवलेलं असतं. वाढताना हा जिवाणू जे विष सोडतो त्याने माणसाच्या नसा लुळ्या पडतात. कधी झाकण फुगतं, कधी घाण वास येतो, कधी यातलं काहीच होत नाही. त्या दहा बाटल्यांवर मी म्हणूनच विश्वास ठेवायला तयार नाही.

या बीजांना मारायला ११६ ते १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते. अमेरिकेत घरोघरी बाटल्या भरणाऱ्या बायका त्यासाठी वेगळा प्रेशर कॅनर वापरतात आणि प्रत्येक पदार्थाला किती मिनिटं द्यायची हे तिथे तपासून ठरवलेलं असतं. तू पाहिलेल्या व्हिडिओत ते भांडं दाखवलं नसावं. आपला भाताचा कुकर त्याच्या जागी चालत नाही. तो झटकन तापतो आणि झटकन निवतो, त्यामुळे बाटलीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पुरेसा वेळ पोचली की नाही हे कळायला मार्ग नसतो.

आंबटपणाची एक मर्यादा आहे, पीएच ४.६. पदार्थ त्यापेक्षा आंबट असेल, म्हणजे आकडा त्याच्या खाली असेल, तर हा जिवाणू वाढू शकत नाही. कच्चा फणस, शेंगा, अळसांदे (चवळी), वारुळावरची अळमी (मशरूम), नारळाचं वाटण, मासळी, मटण हे सगळं त्या मर्यादेच्या वरचं. हुमणात चार सोलं (आमसुलं) पडली म्हणून ते पुरेसं आंबट होत नाही. तेव्हा सुंगटांच्या हुमणाचा बेत मनातून काढून टाक.

बाटल्यांतलं कोणी आधीच चाखलं असेल तर पुढचे काही दिवस लक्ष ठेव. एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली, गिळताना त्रास झाला, तर घरी काढा करत बसू नको. १०८ ला फोन कर, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा आणि घरी बाटलीत भरलेली फणसाची भाजी खाल्ली होती हे पहिल्या वाक्यात सांग. बहुतेकदा लक्षणं १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही वेळा त्याहून उशीरही लागतो.

बाटली भरायची हौस मात्र सोडू नको. आंबट आणि गोड तिच्यात सुखाने राहतं. अननसाचा जाम, करवंदांचा मुरंबा, भिरंडांचं सरबत, बिमलांचं लोणचं. मानकुरादचा जाम करशील तर लिंबू हवंच, कारण आंबा पिकतो तसा त्याचा आंबटपणा उतरत जातो. टोमॅटोचा रस भरायचा तर लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घाल. टोमॅटो त्या मर्यादेच्या अगदी काठावर असतो आणि नुसत्या चवीवर विसंबून चालत नाही. जामाला फळाच्या वजनाच्या जवळपास तेवढीच साखर घे आणि १०५ अंशांपर्यंत आटव. थर्मामीटर नसेल तर गार बशीवर थेंब टाकून बघ. बोटाने सारल्यावर सुरकुती पडली की झालं. बाटल्या आधी दहा मिनिटं उकळून घे, गरम बाटलीत गरम जाम भर, वर पाव इंच जागा सोड आणि बंद करून पुन्हा दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेव. पातेल्याच्या तळाला फडकं घाल, नाहीतर काच तडकते. झाकणं नवी घे. जुन्या झाकणांचं आतलं रबर कडक झालेलं असतं, ती बसल्यासारखी वाटतात आणि हवा आत घेतात.

आता फणसाचं. पावसात फणसाची भाजी हवी असेल तर तिचा घरचा रस्ता मिठातून जातो. जून झालेले पण न पिकलेले गरे सोलून एका किलोला पाव किलो जाडं मीठ, चिनी मातीच्या बरणीत थरावर थर. वर जड दगड ठेव, म्हणजे सुटलेल्या पाण्यात गरे बुडून राहतील. बुडलेले राहणं फार महत्त्वाचं, वर तरंगलेल्या गऱ्यावरच बुरशी धरते. आषाढात काढशील तेव्हा रात्रभर पाण्यात ठेव, पाणी दोनदा बदल आणि मग भाजी कर. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांच्या ताटात ही भाजी नको. बाकी फणस पिकेल तसा त्याचं साठ (फणसपोळी) घाल, बिकणांना (आठळ्यांना) लाल मातीचा हात देऊन वाळव आणि कोरड्या कोपऱ्यात ठेव. कैरीच्या लोणच्याला किलोमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, फोडी पुसून कोरड्या, आणि तेल फोडींच्या वर बोटभर. चेपणीच्या तोरांची, म्हणजे मिठात चेपायच्या कैऱ्यांची, वेळ यंदा गेली. ती कोवळी असतानाच घालायची असतात, पुढच्या मार्चमध्ये बघू.

भिरंडांना तू खरा वेळ दे. आता तीच झाडाखाली पडताहेत आणि वर्षभर हुमणात, कढीत, सरबतात तीच लागणार. फळ दोन भाग करून गर आणि बिया वेगळ्या काढ. साली उन्हात पसर. सुटलेल्या रसात मीठ घालून ठेव, संध्याकाळी साली त्यात बुडव, सकाळी पुन्हा उन्हात घाल. असं आठवडाभर चाललं की साल काळसर, लवचिक होते आणि बोटाला चिकटत नाही. घाई करून दोन दिवसांत आटपलेली सोलं जुलैतच मऊ पडतात. उरलेला खारट रस म्हणजे आगळ. तो गाळून बाटलीत ठेव. फणसासाठी आणल्या होतीस तशा बाटल्या खरं तर याच कामाच्या, फक्त त्या नव्या घे, पुरलेल्या नव्हेत.

एक गोष्ट मला वाटतं तुला कोणी सांगितली नसेल. सासूबाईंच्या मिरच्या, सुकी मासळी, बिकणं पावसात टिकायची, त्यात चुलीचाही वाटा होता. चुलीवरच्या फळीला आणि माळ्याला दिवसभर ऊब आणि धूर मिळायचा. तुझ्या स्वयंपाकघरात आता गॅस असणार. तीच फळी, तेच मडकं, पण ऊब नाही. त्याच जागी ठेवलेली मिरची आता बुरशी धरते आणि दोष सुनेच्या हाताला लागतो. सुकी मासळी, मिरच्या, पापड, कुळीथ हे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भर. भरण्याआधी सलग दोन दिवस कडक ऊन दे आणि पूर्ण निवल्यावरच झाकण लाव, गरम भरलंस तर आत घाम सुटतो. पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी डबे बाहेर काढ.

फ्रीजरवर फार भिस्त ठेवू नको. वादळी रात्री वीज गेली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येईलच असं नाही.

आता ते "एकटी करायची" प्रकरण. मला हे वाक्य ऐकलं की राग येतो. त्या बाईंचा मान मी पूर्ण राखून म्हणते, गावातल्या कुठल्याही घरात वर्षाचं पुरुमेंत एका बाईने एकटीने केलेलं नाही. जावा असत, लग्न न झालेल्या नणंदा असत, शेजारणी पापड लाटायला पोळपाट घेऊन येत, आज हिच्या वसरीत तर उद्या तिच्या. भिरंडं झाडावरून पुरुष काढत, मिठाचं पोतं पुरुष उचलत. पुढे पुढे एकेक हात कमी होत गेला आणि नाव तेवढं सासूचं राहिलं. तू एकटी आहेस आणि कडेवर दीड वर्षांचं मूल आहे. तुझा दिवस कुठे जातो? तिच्या मागे जातो, आणि तो वाया गेलेला नाही.

म्हणून यंदा सगळं करू नको. घरात तीनच गोष्टी कर: सोलं, कैरीचं लोणचं आणि थोडे मिठातले गरे. बाकी विकत घे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची, सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), कांद्यांच्या माळा, चिंच, माडाचा गूळ सगळं मिळतं. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) वेळी भरणारी पुरुमेंताची फेरी (जत्रेचा बाजार) तर याच कामासाठी प्रसिद्ध आहे. विकत घेतलेल्या सुक्या मासळीने घराची अब्रू जात नाही. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणजे ६१ दिवसांची बेगमी. पाच माणसांना आठवड्यातून किती वेळा सुकं लागतं ते मोज आणि तेवढंच आण. जास्त आणलेलं गणेश चवथीपर्यंत किड्यांना जातं.

आणि दिराला सोलं उन्हात घालायला आणि संध्याकाळी आत घ्यायला सांग. ते काम कळायला सून असावं लागत नाही. सासऱ्यांनाही विचार, सासूबाई मीठ किती घालत. त्यांनी वर्षानुवर्षं ते पाहिलेलं असणार, आणि विचारलेलं त्यांना आवडेल. कळेल ते एका वहीत लिहून ठेव, बरणीवर तारखेची चिठ्ठी लाव.

लुगड्यांकडे येते. तू मे महिन्यात उन्हाची कामं आणि शिवण एकदमच अंगावर घेतलीस, म्हणून काहीच पुढे सरकत नाही. आता ऊन आहे, तर लुगड्यांना फक्त ऊन दाखव. शिवायचं पावसात. आषाढातल्या दुपारी बाहेर काही करता येत नाही, पोर झोपलेली असते, तेव्हा वाकळ पसरायची.

सगळी लुगडी बाहेर काढ आणि तीन ढीग कर. रेशमी आणि जरीची वाकळीत घालू नको. जर टोचते, काळी पडते, आणि रेशमाला रोजची धुलाई सोसत नाही. ती जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेव आणि अधूनमधून घड्या बदल, नाहीतर घडीवरच चिरतात. हातमागाचं कुणबी लुगडं निघालं तर तेही बाजूला ठेव, मुलगी मोठी झाल्यावर नेसेल. दुसरा ढीग धडक्या सुती लुगड्यांचा, तिसरा विरलेल्या आणि ठिपके पडलेल्यांचा.

ठिपके पडलेली आधी अंगणात नेऊन, नाकावर फडकं बांधून ब्रशने झाड. घरात झाडलीस तर बुरशी बाकीच्या कपड्यांवर बसेल. रंग जातो का ते कोपऱ्यावर बघ, मग गरम पाण्यात साबण आणि वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून भिजव, धू आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळव. डाग राहिला तर राहू दे, तो आत जाईल. कुबट वास राहिला तर मात्र ते लुगडं वाकळीत घालू नको, लहान मुलीच्या छातीला ते बरं नव्हे.

आता कात्रीचं. कापायची गरजच नाही. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याची लांबीत चौपदरी घडी घातलीस की दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद अशी वाकळ तयार होते. सासूबाईंचं सगळ्यात आवडतं सुती लुगडं यासाठी घे आणि पदर वर येईल अशी घडी घाल. घडीच्या थरांमध्ये विरलेल्या लुगड्यांचे तुकडे एकसारखे पसर. ते तुकडे आपोआपच फाटत आलेले असतात, त्यांना कात्री लावताना जीव कासावीस होणार नाही. बाहेरचं लुगडं अखंड राहील. उद्या कधी वाटलं तर टाके उसवून ते पुन्हा लुगडंच होईल.

तुझ्या माहेराकडे कौदी शिवतात, त्यामुळे हात तुला माहीत असणार. चटईवर पसर, सुरकुत्या काढ, मधून कडेकडे लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेव. मग जाड सुती दोरा मेणावरून ओढून घे आणि धावदोरा घाल, दोन ओळींत बोटभर अंतर. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका त्यांची कवंदी कडेपासून सुरू करून गोल फिरत मध्याकडे नेतात आणि चार कोपऱ्यांवर घडीचे छोटे तुकडे बसवतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. कडेकडून आत जाण्याची त्यांची पद्धत मला आवडते, कारण कड आधी पक्की होते. फक्त कच्चे टाके नीट घाल, नाहीतर मध्यावर कापड गोळा होईल. सुया मोजून घे आणि उठताना मोजून ठेव, घरात रांगतं-चालतं पोर आहे.

चवथीच्या आधी पंधरा दिवस सगळं गुंडाळून ठेव. माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट), घर सारवणं, करंज्या यांत वाकळ नको. नंतर पुन्हा काढ. यंदा अर्धी झाली तरी चालेल. उरलेली लुगडी पेटीत परत घालताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नको, सुती कापडात बांध, कडुलिंबाची वाळलेली पानं घाल आणि पेटी जमिनीवर न टेकवता दोन पाटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेव. भिंतीतूनच ओल येते.

भिरंडांच्या बिया फेकू नको. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, फोडून आतला गर कूट. तो भरपूर पाण्यात मंद आचेवर बराच वेळ उकळ. तूप वर येईल. पातेलं रात्रभर निवू दे, सकाळी वरचा थर घट्ट झालेला असेल तो काढून घे, पुन्हा वितळवून गाळ आणि गोळे वळून ठेव. हेच भिरंडेल. पावसात शेतात, अंगणात पाय भिजून टाचांना भेगा पडतात, तेव्हा रात्री दिव्यावर जरासं वितळवून लावायचं. सासऱ्यांच्या टाचांनाही लाव म्हणावं.